आठ, चार, दोन, एक, एक

आमच्या पाणीवाटप संस्थेच्या ऑफिसच्या भिंतीवर सात नियम निळ्या ऑइलपेंटने रंगवलेले आहेत. तेच सात नियम सव्वीस वस्त्यांवरच्या, पाणी सोडणाऱ्या सव्वीस लोखंडी डब्यांच्या पोटात आहेत. भिंतीवरचे नियम माणसं वाचतात, डब्यातले चिप वाचते. या दोघांच्या मधलं काम माझं. त्याला कंपायलर लिहिणं म्हणतात. माझी आई मात्र कुणी विचारलं तर "पोरगी नळाच्या खात्यात हाय" एवढंच सांगते. तेही खोटं नाही.

चिप ही अतिशय आज्ञाधारक आणि अतिशय मठ्ठ वस्तू असते. तिला "निम्मं कापा" कळत नाही. तिला कळतं ते असं: अमुक घरातला आकडा उचल, तमुक घरातल्यात मिळव, शून्य आलं तर पुढे उडी मार. माणसाच्या एका वाक्याचे असे वीस-पंचवीस हुकूम करून द्यायचे, हे कंपायलरचं काम. त्याचा पुढचा भाग वाक्य वाचतो आणि अर्थ लावतो. मागचा भाग, ज्याला कोड जनरेटर म्हणतात, तो त्या अर्थाचे हुकूम पाडतो. पुढचा भाग एकदा लिहिला की सुटलो. मागचा भाग प्रत्येक जातीच्या चिपसाठी वेगळा लिहावा लागतो, कारण प्रत्येकीचे हुकूम वेगळे, ताकद वेगळी, खोडी वेगळ्या. आमच्याकडे तीन जाती होत्या.

तीन कशाला, असं मला बाहेरचे लोक विचारतात. त्यांनी कधी सहकारी संस्थेत काम केलेलं नसतं. सहकारात कुठलीही गोष्ट एकदम आणि एकसारखी येत नाही. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. कड्याच्या पुढच्या माळावरची जनावरं छावणीत गेली, काही बाजारात गेली, आणि गावोगावची दूध संकलन केंद्रं बंद पडली. त्या केंद्रांवरचे दूध मोजायचे काटे गंजत पडले होते. संस्थेत माझ्या जोडीला असलेला रफिकभाई आधी आष्टीला तेच काटे दुरुस्त करायचा. त्याने नऊ काट्यांमधले बोर्ड काढून आणले आणि माझ्या टेबलावर ओळीने मांडले.

"ताई, चिप बुढी हाय, पर इमानदार हाय," तो म्हणाला.

पुढे कुणीतरी दहा बोर्ड देणगी दिले. उरलेले सात आम्ही नवे घेतले, आणि घेईपर्यंत त्या देणगीतल्या बोर्डाची चिप बाजारातून गायब झाली होती. झाल्या तीन जाती.

म्हातारी चिप म्हणजे एका चुलीचं घर. भात उतरवल्याशिवाय वरण चढत नाही. प्रत्येक हिशेब एकाच जागेवर करायचा, उत्तर बाजूला नेऊन ठेवायचं, पुढचा आकडा आणायचा. नव्या चिपेला सोळा चुली. शिवाय म्हातारीची एकूण स्मृती एवढी लहान की या लेखाचं पहिलं पान तिच्यात मावलं नसतं. हे सगळं सांभाळून तिघींकडून एकच काम करून घ्यायचं, हे कोडं मला इतकं आवडलं की पुण्यात मिळत असलेली नोकरी मी विसरून गेले. माणसाला कशाची भूल पडेल सांगता येत नाही. मला एका चुलीच्या चिपेची पडली.

पण भूल एवढीच नव्हती. माझे वडील शिरूर कासारला ऊसतोड कामगारांसाठी पत्रकं काढायचे. स्वस्त गुलाबी कागद, वर मोठ्या अक्षरात हाक, खाली तीन मागण्या आणि शेवटी दोषी कोण त्याचं नाव. मुकादम, कारखाना, सरकार, सावकार. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. त्यामुळे संस्थेत आल्या आल्या मी अट घातली: भिंतीवर जे शब्द असतील तेच शब्द माझ्या कंपायलरच्या भाषेतले शब्द असतील. भिंतीवर एक आणि डब्यात दुसरं, असं चालणार नाही. कुणाही सभासदाने यावं, भिंत वाचावी, आणि डबा काय करणार ते समजून घ्यावं. चेअरमन भाऊसाहेबांना हे फार आवडलं. पेंटर त्यांचा मेहुणा होता.

पहिल्या चाचणीलाच मी तोंडावर आपटले. तलावाकाठच्या वस्तीचा, मोठ्या टाकीशेजारचा डबा खालच्या वस्तीच्या डब्याला आकडा पाठवतो: इतकी टिपाडं पाणी सोड. आम्ही लिटर नाही, टिपाड मोजतो, दोनशे लिटरचं. आकडा दोन तुकड्यांत जातो. वरची देणगीतली चिप मोठा तुकडा आधी पाठवते, खालची म्हातारी लहान तुकडा आधी आला असं धरून चालते. मी वरून "एक" सांगितलं, खाली "दोनशे छप्पन्न" पोहोचलं. हौद भरला, वाहिला, रस्त्यावर आला. ज्यांच्या म्हशी अजून दावणीला होत्या त्यांनी त्या सोडून आणल्या. आम्ही धावत जाऊन व्हॉल्व्ह हाताने बंद केला. भाऊसाहेब धोतर वर धरून चिखलात उभे होते.

"पोरी, दुष्काळ पडलाय हे तुझ्या यंत्राला कुणी सांगितलं न्हाई का?"

त्या दिवसापासून मी तपासणीचा तक्ता केला. प्रत्येक नियम तिन्ही चिपांवर चालवायचा, तेच आकडे द्यायचे, उत्तरं शेजारी शेजारी लिहायची. कागद आडवा धरला की पाणी सोडायच्या चार पाळ्यांचे चार रकाने नीट मावायचे. तिन्ही ओळी जुळल्या की खाली माझी सही. रफिकभाई एकदा म्हणाला, "बुढीला जरा जादा तपासा. तिची चाल अलग हाय." मी त्याला छोटं भाषण दिलं. सगळ्यांना एकच नियम, सगळ्यांना एकच परीक्षा. जुनी आहे म्हणून तिच्यावर संशय घ्यायचा, हे कसलं समान वागणं? तो हसला आणि सोल्डरिंगला बसला.

आता पाचवा नियम. या लेखाचं मूळ तोच आहे.

एखाद्या वस्तीने अडीअडचणीला हिश्शापेक्षा जादा पाणी घेतलं तर काय करायचं, यावर दोन सभा भांडण झालं. काही म्हणाले, दुप्पट कापा. काही म्हणाले, दुष्काळात कापायचं कसं? शेवटी ठरलं की पुढच्या पाळीला तेवढंच कापायचं, त्याच्या पुढच्या पाळीला त्याच्या निम्मं, मग त्याच्या निम्मं, असं करत संपवायचं. म्हणजे धाक राहतो आणि माफीही मिळते. टेकवस्तीची गयाबाई मागून ओरडली, "सासूचा राग बी असाच उतरतो की, रोज निम्मा!" सगळी सभा हसली आणि नियम मंजूर झाला. भिंतीवर पाचवा नियम अजून तसाच आहे, पण सगळे त्याला सासूचा राग म्हणतात.

म्हातारी चिप आणि निम्मं, यात एक अडचण होती. तिला भागाकार येत नाही. तो वजाबाक्या करून शिकवावा लागतो आणि त्याला जागा फार लागते. मी एक युक्ती वापरली. आपण दहाने भागताना शेवटचं शून्य पुसतो, तीनशे चाळीसचे चौतीस होतात. चिपेच्या मोजणीत दोनच अंक असतात, म्हणून तिथे शेवटचा अंक पुसला की आकडा निम्मा होतो. पानभर हुकुमांचं काम दोन हुकुमांत. या धंद्यातले सगळेच ही युक्ती वापरतात, पण स्वतःच्या हाताने पहिल्यांदा वापरताना जो आनंद होतो तो वेगळाच. मी चार जणांना फोन करून सांगितलं. चौघांपैकी दोघांना कळलं.

तक्त्यावर आठ टिपाडं जादा घेतल्याचं गणित चालवलं. आठ, चार, दोन, एक. तिन्ही चिपा जुळल्या. चार रकाने भरले. सही.

टेकवस्ती ही पाइपलाइनच्या शेवटाची वस्ती. पंधरा घरं, निम्मी मेंढरं राखणारी. पाळी दिवसाआड, एका पाळीला तीस टिपाडं, घरटी दोन. तिथला पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, बिरूतात्या. आधी कालव्यावर होता, मग संस्थेत आला. व्हॉल्व्हच्या खोलीची किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली असायची. गयाबाईच्या सासऱ्याचं दहावं झालं तेव्हा पाहुण्यांसाठी त्याने किल्लीने व्हॉल्व्ह उघडून आठ टिपाडं जादा दिली. चोरून नाही, भाऊसाहेबांना सांगून दिली. पुढच्या पाळ्यांना ठरल्याप्रमाणे कापलं गेलं. सगळं नियमात.

दीड-एक महिन्याने टेकवस्तीच्या बायका ऑफिसात आल्या. दर पाळीला एक टिपाड कमी येतंय. दर वेळी कुणातरी एकीच्या घरी दोनाऐवजी एकच. भाऊसाहेबांनी डब्याकडे माणूस पाठवला. डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला: पाळी पूर्ण. म्हणजे डब्याच्या म्हणण्याप्रमाणे ठरलेलं पाणी गेलं. मग ते हौदात का नाही? व्हॉल्व्ह आणि हौदाच्या मधे एकच माणूस होता.

महिन्याच्या सभेत हा विषय निघाला. ऑफिससमोर सतरंजी, बाजेवर भाऊसाहेब, हातात माईक.

"बिरू, तुझा मेव्हणा मेंढरं घेऊन तिकडंच उतरलाय म्हणं?"

"उतरलाय की. लपून थोडंच हाय."

"मग मेंढरं काय हवा पिऊन जगत्यात का बे?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मेंढरं छावणीच्या टाकीवर नेतो त्यो. दोन कोस," बिरूतात्या म्हणाला. "तुमी येऊन बघा."

भाऊसाहेबांनी माईक माझ्याकडे केला. "ताई, एक सांगा. डबा चुकू शकतो का?"

मी उभी राहिले. माझ्या हातात तक्ता होता, खाली माझी सही होती. मी म्हणाले, "सव्वीस डब्यांत एकच नियम आहे. माणूस भेदभाव करतो, चिप करत नाही."

टाळ्या वाजल्या. वाक्य चांगलं होतं. गुलाबी कागदावर शोभलं असतं. बिरूतात्याने करगोट्याची गाठ सोडून किल्ली काढली आणि बाजेवर ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. गयाबाई मात्र उठून म्हणाली, "आमी पाणी कमी येतंय म्हणलं. तात्या चोर हाय असं न्हाई म्हणलं." तिचं बोलणं माईकपर्यंत आलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे लिहायला बरं वाटलं असतं. लागली. चांगली लागली. मला वाटलं, नियम जिंकला.

आठवड्याने, दुपारी, बिरूतात्या आमच्या वर्कशॉपमध्ये आला. हातात त्याची बाभळीची काठी होती. तिच्यावर दोन-दोन बोटांवर खाचा, तीस. ती हौदात उभी धरायची, किती खाचा ओल्या झाल्या त्यावरून किती टिपाडं आली ते कळतं. डबे यायच्या आधीपासून त्याची ही पद्धत. मला वाटलं भांडायला आला. मी स्टूल पुढे केलं. तो खालीच बसला.

"ताई, एक इचारू का? तुमच्या डब्याला निम्मं कसं कळतं?"

"कशाला हवंय तात्या?"

"कशाला म्हंजी? मला कळंना म्हणून. डोक्यातून जाईना झालंय." त्याने काठी आडवी धरली. "दहाव्याच्या पुढच्या पाळीला आठ खाचा कोरड्या. बराबर. मग चार. मग दोन. मग एक. तिथवर तुमच्या भिंतीवर लिवलंय तसंच. मग पुन्हा एक. मग पुन्हा एक. आजच्या पाळीला बी एक. मी आता किल्लीवाला न्हाई, लांबून जाऊन बघून आलोय."

तो काठीकडेच बघत होता.

"आता तुमीच सांगा. मी चोर असतो तर दर पाळीला एकच का नेलं असतं? चोराला बी एखांद्या दिवशी दोन न्यावंसं वाटंल की. लगीन असंल, पाव्हणा आला असंल. ह्यो चोर लई नेमाचा हाय. असला नेमाचा माणूस आपल्या गावात कोन हाय, ह्याचाच मी इचार करतोय."

रफिकभाईने सोल्डरिंगची गन खाली ठेवली. मी कपाटातून टेकवस्तीच्या डब्यात आहे तसाच म्हातारीचा बोर्ड काढला, तारा जोडल्या, उणे आठ घातलं (जादा घेतलेलं पाणी डबा वस्तीच्या नावावर उणे मांडतो) आणि पाळ्या चालवल्या. पडद्यावर आकडे आले: उणे आठ, उणे चार, उणे दोन, उणे एक. इथे माझा कागद संपत होता. मी पाचव्यांदा बटण दाबलं. उणे एक. सहाव्यांदा उणे एक. मी वीस वेळा दाबलं. उणे एक, उणे एक.

"या अल्ला," रफिकभाई म्हणाला. "ताई, सासूचा राग उतरंनाच."

कारण सांगते, कारण ते कळल्यावर मला लाजेच्या आधी कुतूहल वाटलं होतं, आणि ते मी लपवणार नाही. एका टिपाडाचं निम्मं म्हणजे अर्धं टिपाड. चिप अर्धं मोजत नाही, पूर्ण टिपाडच मोजते. मग ते अर्धं कुठे टाकायचं? भागाकार येणाऱ्या चिपा ते सोडून देतात, उत्तर शून्य. शिक्षा संपली. पण शेवटचा अंक पुसायची माझी युक्ती उणे आकड्याला नेहमी खालच्या बाजूला ढकलते. उणे एकाचं निम्मं तिच्या मते उणे एक. आणि त्याचंही निम्मं उणे एक. कितीही पाळ्या जाऊ द्या. अधिक आकड्यांवर युक्ती बिनचूक चालते, उणे सम आकड्यांवरही चालते. उणे विषम आला की अडखळते. आठपासून खाली येताना पहिला विषम आकडा चौथ्या रकान्यात येत होता, आणि चूक पाचव्या रकान्यात होती.

म्हणजे एकच वाक्य, एकच भिंत, तीन चिपा, आणि त्यांतल्या एका जातीच्या वस्तीला कधीच माफी नाही. ते मी केलं होतं. चिपेने केलं नव्हतं. चिपेने मी सांगितलेले दोन हुकूम इमानाने पाळले होते. इतर आठ म्हाताऱ्या डब्यांच्या वस्त्यांनी कधी जादा पाणी घेतलंच नव्हतं, म्हणून त्या सुटल्या.

मी बिरूतात्याला कागदावर हे सगळं काढून दाखवलं. त्याने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा स्वतः बोटांवर करून बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी अर्ध्याचं भांडन हाय."

"हो."

"अर्धं कुनाच्या बाजूला टाकायचं, ह्ये कुनी ठरवलं?"

भिंतीवर ते लिहिलेलं नव्हतं. सभेत ठरलेलं नव्हतं. ते मी ठरवलं होतं, जागा वाचवताना, आणि ठरवतेय हे मला कळलंही नव्हतं. धंद्याबद्दल बाहेरच्यांना एकच गोष्ट सांगायची तर मी हीच सांगेन. वाक्यात जे लिहायचं राहून जातं, ते हुकूम पाडणारा ठरवतो.

दुरुस्ती तासाभराची होती. आकडा उणे असेल तर पुसायच्या आधी त्यात एक मिळवायचा. म्हातारीच्या स्मृतीत सतरा घरं रिकामी होती, दुरुस्तीला आठ लागली. मग मी भाऊसाहेबांकडे गेले.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. "मग काय, बसवा दुरुस्त करून," ते म्हणाले. "बिरूला मी घरी बोलावून किल्ली देतो. चहा पाजतो. झालं."

"सभेत सांगावं लागेल."

"कशाला? पोरी, पुढच्या सभेला शेजारच्या चार गावांची माणसं येणार हायेत. आपली पद्धत बघायला. ती आली संस्थेत, तर नवे डबे येतील. तुझंच काम वाढंल. आन् त्यांच्यासमोर तू उभी ऱ्हाऊन सांगनार, की आमचं यंत्र चुकलं?"

"यंत्र नाही. मी."

"त्येच ते."

"तेच नाही, भाऊसाहेब. चोर कोण, ते माईकवर ठरलं होतं. माझ्या वाक्यावर ठरलं होतं."

त्यांनी भिंतीवरच्या नियमांकडे बघितलं. मग म्हणाले, "तुझा बाप बी असाच होता म्हणतात." हे कौतुक होतं की शिवी, मी अजून ठरवलेलं नाही.

मी घरी येऊन पत्रक लिहायला बसले. दुसरं काही मला येत नाही. वर हाक लिहिली, खाली काय घडलं ते लिहिलं, आठ-चार-दोन-एक-एक ही ओळ मोठी लिहिली. शेवटी दोषी कोण त्याचं नाव लिहायचं, तिथे पेन थांबलं. लहानपणापासून शेकडो पत्रकं वाचली, घडी घातली, बाजारात वाटली. एकाही पत्रकात दोषीच्या जागी पत्रक काढणाऱ्याचं नाव नव्हतं. त्या जागेवर आपलं नाव कसं दिसतं, हे बघण्यासाठी म्हणून आधी पेन्सिलीने लिहिलं. मग पेनने.

सभेला पाहुणी गावं आली होती. पत्रकं सतरंजीवर आधीच वाटलेली होती, म्हणून मी बोलायला उठले तेव्हा कुजबुज सुरू होती. मी थोडक्यात सांगितलं. नियम बरोबर होता, हुकूम मी चुकीचे पाडले, दर पाळीला एक टिपाड टेकवस्तीला पोहोचलंच नाही, ते मोठ्या टाकीतच राहिलं. बिरूतात्याने काही घेतलं नव्हतं. "माणूस भेदभाव करतो, चिप करत नाही, असं मी इथंच म्हणाले होते. भेदभाव करणारं माणूस मी होते."

टाळ्या वाजल्या नाहीत. पाहुण्यांपैकी एक जण शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाला, "आपलं जुनंच बरं हाय की मंग." भाऊसाहेबांनी मान खाली घातली. नंतर त्या चार गावांपैकी एकच आमच्यात आलं. भाऊसाहेब ते मला अधूनमधून सांगतात.

मग त्यांनी किल्ली पुढे केली. "ये बिरू. घे."

बिरूतात्या उठला, पण हात पुढे केला नाही.

"चेअरमनसाब, मला माईकवर चोर म्हणलं. आता नुसती किल्ली का देता?"

"ताईंनी सांगितलं की आत्ता."

"त्यांनी त्यांचं सांगितलं. तुमचं तुमी सांगा."

भाऊसाहेबांनी माईक तोंडाशी नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. "बिरू चोर न्हाई," ते म्हणाले. आणि मग, कुणी सांगितलेलं नसताना, "माझं चुकलं."

"आन् आमची टिपाडं?" गयाबाईने मागून विचारलं. ती हरवलेली टिपाडं दर पाळीला एक जादा अशी परत द्यायची ठरली. हात वर झाले.

बिरूतात्याने किल्ली करगोट्याला बांधली. पण बसला नाही. म्हणाला, "आजून एक हाय. माझी काठी सगळ्यांना दिसती. कुनीबी खाचा मोजू शकतंय. डब्यानं किती कापलं ते डब्याच्या पोटातच ऱ्हातं. ते भाईर दिसलं पायजे. सगळ्या डब्यांवर. मला वाचता येत न्हाई, पर आकडा कळतो." एवढं बोलून तो निघाला, कारण टेकवस्तीच्या पाळीची वेळ झाली होती. ठराव त्याच्या पाठीमागे मंजूर झाला.

ठराव मंजूर करणं सोपं असतं. म्हातारीच्या स्मृतीत आता नऊ घरं उरली होती आणि आकडा दाखवायला तीसेक लागणार होती. मी चार दिवस हुकूम पिळत बसले. एक इथून काढला, दोन तिथून. बावीसपर्यंत पोहोचले, पुढे जाईना. मग माझं लक्ष डब्यावरच्या काचेच्या पट्टीकडे गेलं. तिच्यावर दिवसभर दोन शब्द झळकत असायचे: समान पाणी. त्या पट्टीला देवनागरी येत नाही, एकेक अक्षर ठिपके मांडून काढावं लागतं. मी ती अक्षरं फार हौसेने काढली होती. पाच अक्षरांना चाळीस घरं. कुणी मला ती ठेवायला सांगितलं नव्हतं. मला ती हवी होती.

मी ती पुसली. सगळ्या सव्वीस डब्यांवरून, नव्या चिपांवरूनसुद्धा, जरी तिथे जागेला तोटा नव्हता.

रफिकभाईने पट्टी बघितली. "ताई, घोषणा काढली?"

"जागा लागत होती."

"अच्छा किया," तो म्हणाला. "पढता कौन था?"

नवे हुकूम भरल्यानंतरच्या तिसऱ्या पाळीला मी गावठाणातला डबा बघायला गेले. भाऊसाहेबांच्या आळीचा तो डबा, सगळ्यात नव्या चिपेचा. टेकवस्तीच्या तिघी जणी सकाळीच तिथे उभ्या होत्या, गयाबाई पुढे. बाजाराचा दिवस नव्हता, त्यांचं तिथे काही काम नव्हतं. काचेवर सहा होतं.

"ताई, ह्ये सहा म्हंजी?"

"ह्यांनी मागच्या पाळीला सहा टिपाडं जादा घेतली. आज तेवढी कापली गेली."

"आमच्या डब्यावर तर शून्य हाय."

"तुम्ही घेतली नाहीत ना."

ती त्या सहाकडे बघत राहिली. दोन-तीन घरांची दारं उघडली, कुणीतरी डोकावून बघितलं आणि दार परत लोटलं. गयाबाईने पदर डोक्यावर नीट घेतला.

"मग परवा तीन दिसंल?"

"हो. दिसायलाच पाहिजे."

"मग परवा बी येते बघाया," ती म्हणाली.